चार्ल्सटनची घोडागाडी आणि बाबांचा प्रश्न

एप्रिलमध्ये आई-बाबा पेणहून आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला घेऊन गेले. बाबांचे गुडघे आता फार चालू देत नाहीत, म्हणून शहर घोडागाडीतून पाहिलं. फोटो टाकल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलंय, गाडी घ्यावी का, जनावरांचे हाल होत नाहीत ना. दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी जनावरांचं. आमच्या गाडीला घोडा नव्हता, दणकट खेचर होतं. पारा 95 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या 35 अंशांवर टिकला की गाड्या थांबवायच्या, असा शहराचा नियम आहे. फेरीहून आलेल्या जनावराचा ताप मोजतात. लीद रस्त्यावर पडू नये म्हणून मागे झोळी बांधलेली असते, आणि जनावराने लघवी केली की गाडीवान तिथे खुणेचं छोटं निशाण टाकतो, मग मागून गाडी येऊन रस्ता धुते. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्या, तो निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. इथली व्यवस्था पाहून वसंतात बसायला माझी हरकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मी बसणार नाही. 94 अंशांत नियम मोडत नाही, पण जनावर भाजतंच.

गाडी कुठल्या भागात जाणार हे आपण ठरवत नाही, गाडीवानही ठरवत नाही. सगळ्या गाड्या एकाच गल्लीत घुसू नयेत म्हणून निघताना सोडत निघते आणि जो विभाग येईल तिकडे जायचं. आम्हाला समुद्राकडचा जुना भाग आला.

आणि ते शहर खरोखर देखणं आहे. गाडी चालते त्या वेगानेच पाहावं असं. तिथली जुनी घरं रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी असतात, जेमतेम एक खोली रुंद. रस्त्यावरचं दार उघडलं की माणूस घरात जात नाही, लांबलचक व्हरांड्यात जातो. वारा मिळावा म्हणून ही रचना. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात, त्या 1886 च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरण्यासाठी घातलेल्या सळ्यांची टोकं. 1931 मध्ये या शहराने जुना भाग जपण्याचा कायदा केला, अमेरिकेतला तसा पहिलाच. ईस्ट बे स्ट्रीटवरची रंगीत 13 घरं त्यामुळे आजही रांगेत उभी आहेत. आई तर फोटो काढायचंही विसरली.

गाडीवान गोड बोलणारा होता. कुठल्या घरात कुणाचं लग्न झालं, कुठल्या घरात भूत आहे, सगळं रंगवून सांगत होता. एका वाड्याच्या मागची विटांची इमारत दाखवून म्हणाला, तिथे नोकर राहायचे. बाबांनी मला विचारलं, "एवढाले वाडे बांधायला पैसा कुठून आला, विचार त्याला." मी विचारलं. तो म्हणाला, तांदूळ. आणि पुढच्या भुताकडे वळला.

बाबांचा जन्म खारेपाटातला. खाडीला बांध घालून भात पिकवणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायला नको. बांध फुटला की सगळं गाव चिखलात उतरायचं, हे त्यांनी लहानपणी पाहिलंय. ते म्हणाले, "तांदूळ काय या वाड्यांत राहणाऱ्यांनी लावला?"

नव्हता लावला. अठराव्या शतकात इथला तांदूळ पिकवला तो पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी. त्यांतले कितीतरी भात पिकवणाऱ्या मुलखातलेच होते. सायप्रस नावाच्या झाडांची दलदलीतली जंगलं तोडून, चिखलात उभं राहून, साप आणि हिवताप सोसत त्यांनी मैलोन् मैल बांध घातले. आपल्याकडे बांधाला उघाडी असते, तशीच तिथेही लाकडी झडप असायची. फरक एवढाच, की आपण उघाडीने खारं पाणी बाहेर ठेवतो आणि ते लोक भरतीबरोबर वर चढलेलं नदीचं गोडं पाणी शेतात घ्यायचे. आज ज्याला अमेरिका म्हणतो त्या भूमीवर आणलेल्या गुलाम आफ्रिकनांपैकी सुमारे 40 टक्के या एका बंदरातून आले. आणि आमच्या तासाभराच्या फेरीत गुलाम हा शब्द एकदाही आला नाही. 'नोकर' आला.

मला याचा राग आला, अजूनही आहे. नोकराला पगार असतो. नोकर सोडून जाऊ शकतो. त्याची मुलं कुणी विकत नाही.

पूर्वी तिथे परीक्षा देऊन परवाना मिळाल्याशिवाय पैसे घेऊन शहर दाखवता येत नसे. 2018 मध्ये न्यायालयाने ती सक्ती रद्द केली, कारण कुणी काय बोलावं याला सरकारी परवाना लागू नये. मला ते मान्य आहे. इतिहास सरकारने पाठ करून घ्यावा असं मला इथेही वाटत नाही आणि आपल्याकडेही वाटत नाही. पण मग गाडीत बसलेल्यांनी तोंड उघडलं पाहिजे. हे घर कुणी बांधलं, स्वयंपाक कोण करायचं, ती माणसं कुठून आणली, हे विचारा. ज्याला माहीत असतं तो मनापासून सांगतो, असे गाडीवानही तिथे आहेत असं नंतर ऐकलं.

म्हणून माझं उत्तर: गाडीत बसा, पण तेवढ्यावर परतू नका. चाल्मर्स स्ट्रीटवर गुलामांचा लिलाव व्हायचा ती इमारत आज संग्रहालय आहे. 1856 मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले, ते माणुसकीपोटी नव्हे. मग ते अशा आवारांच्या आत होऊ लागले. गॅड्सडेन्स वॉर्फ या धक्क्यावर जिथे जहाजं लागायची, तिथे 2023 मध्ये आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलंय. आणि जुन्या विटांच्या भिंती जवळून पाहा. काही विटांवर त्या पाडणाऱ्या गुलामांच्या बोटांचे ठसे आहेत, ओली वीट उचलताना उमटलेले. आम्ही पाहिलेला एक ठसा इतका लहान होता, की बाबांनी बोट लावून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं.

परतताना सिटी मार्केटमध्ये गवताच्या टोपल्या विणणाऱ्या एका गुल्ला बाई भेटल्या. गुल्ला म्हणजे त्याच भातशेतीत राबलेल्या माणसांचे वंशज. त्यांची भाषा आणि ही वीण त्यांनी टिकवून ठेवलीय. आईने एक पसरट टोपली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "अगं, हे सूपच आहे की, फक्त गोल." मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, ही भात पाखडायचीच. आईला इंग्रजी येत नाही. तिने रिकामी टोपली दोन्ही हातांत धरून मनगटाने झटका दिला, पेणला अंगणात देते तसा. बाई उठल्या, दुसरी टोपली घेतली आणि त्यांनीही तसाच झटका दिला.