घोरणाऱ्याला झोप कुठली!

आपल्याकडे घोरणारा माणूस म्हणजे सुखी माणूस, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. "याला काय, पाठ टेकली की घर्रर्र!" इंदुरातल्या आमच्या रामबागेतले सगळे नातेवाईक कौतुकाने म्हणतात, आणि हाच सुखी माणूस सकाळी अकराला ऑफिसात पेंगत असतो तेव्हा त्याचं खापर पोहे-जिलबीवर फुटतं.

हा सुखी माणूस म्हणजे मीच. डॉक्टरांनी दिवसा किती पेंग येते ते मोजणारा एक फॉर्म दिला. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण 24, दहाच्या वर गेलात की भानगड. आयुष्यात पहिल्यांदा मला चांगले मार्क पडणार होते. वाचताना डुलकी लागते का? टीव्ही बघताना? गाडी सिग्नलला थांबली तर? (पलासियाचा सिग्नल लागला की बायको मागून चिमटा काढते, हल्ली तर स्कूटरची किल्लीच तिच्याकडे असते.) मग आला प्रश्न, कुणाशी बसून बोलताना झोप लागते का? बायको म्हणाली, "माझ्याशी बोलताना की बाकीच्यांशी? मार्क वेगवेगळे पडतील."

मग स्लीप स्टडी, म्हणजे डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून म्हणायचं आता निवांत झोपा. रिपोर्ट आला, स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत तासाला 34 वेळा श्वास अडकतोय, पाचच्या आत नॉर्मल, तिसाच्या वर सिव्हिअर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू घाबरून ढोसून उठवतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. आठ तास अंथरुणात, पण झोप सगळी चिंध्या चिंध्या. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, आणि वर घरच्यांचं "किती झोपतोस रे!"

वजन कमी करा म्हणाले. इंदुरात! जिथे सोन्याची दुकानं बंद झाली की सराफ्यात खाणं सुरू होतं तिथे! पण खरं औषध म्हणजे सीपॅप, नाकावर मास्क आणि मशीन रात्रभर हवा दाबत बसतं, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपाय जगापुढे मांडला, त्यांचं भलं होवो. ग्वाल्हेरची आत्या मुक्कामाला होती, रात्री पाणी प्यायला उठली आणि मला त्या अवतारात बघून तिने रामरक्षाच सुरू केली.

आता दिवसा टक्क जागा असतो. परवा मामांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट पहिल्यांदा जागेपणी ऐकली. इतकी वर्षं वाटायचं माझ्या झोपेमुळे शेवट हुकतो, पण अहो, तिला शेवटच नाहीये.