‘दुचाकीला रिव्हर्स गियर कशाला?’

गेले काही दिवस एक संदेश फोनवर फिरतोय. वर होंडा गोल्ड विंगचा फोटो, खाली मजकूर: चाळीस लाखांची ही दुचाकी म्हणजे निव्वळ पैशाचा माज, वजन इतकं की आडवी झाली तर क्रेन बोलवा, रिव्हर्स गियर लागतो ती मोटरसायकल कसली, स्पीकर आणि गरम सीट हे म्हातारचळ, खऱ्या रायडरला असलं काही लागत नाही, आणि तेवढ्या पैशांत फॉर्च्युनर येते.

मला हे चार ग्रुपांवर आलं. दोन ठिकाणी पाठवणारे बुलेटवाले होते. मीही बुलेटवालाच. पण माझा आतेभाऊ अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात असतो. त्याच्याकडे ही गाडी आहे आणि तिच्या मागच्या सीटवर मी दोन दिवस काढलेत.

आधी वजन. टूर मॉडेल चारशे किलोला जरासंच कमी, म्हणजे जवळजवळ दोन रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. कबूल. पण ते वजन बसलंय कुठे ते बघा. सहा सिलिंडर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे झोपवलेले. सगळा भार गुडघ्याच्या खाली. सीटची उंची ७४५ मिलिमीटर; क्लासिक ३५० ची ८०५. आमचे बंधुराज उंचीने बेताचेच, तरी दोन्ही पाय सपाट टेकवून उभे राहतात. गाडी चालू लागली की वजन कुठे जातं कोण जाणे.

आणि क्रेनचं म्हणाल तर गाडी माझ्यासमोर पडली आहे. पेट्रोल पंपावर, उभ्या उभ्या कलंडली. पुढे इंजिनाशी आणि मागे डिकीशी गार्ड असतात, त्यांवर ती तिरकी टेकून राहिली, पूर्ण झोपली नाही. पठ्ठ्याने सीटला पाठ लावली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने मागचा दांडा, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उभी केली. घाम फुटला, पण क्रेन लागली नाही.

रिव्हर्सची टिंगल करणाऱ्याने बुलेट कधी उतारावर तोंड खाली करून लावली नसावी. आपण काय करतो? पानवाल्याला हाक मारतो, ‘अरे, जरा मागे ओढ रे.’ आम्ही गेलो तो ब्लू रिज पार्कवे हा डोंगरमाथ्यावरून जाणारा ७५५ किलोमीटरचा रस्ता. दर थोड्या अंतरावर दरी बघायला थांबायच्या जागा, आणि काही ठिकाणी गाडीचं तोंड दरीकडेच. भावाने डाव्या हाताचं बटण दाबलं, गाडी मुंगीच्या चालीने मागे आली, आम्ही निघालो. ही सोय १९८८ च्या गोल्ड विंगपासून, जीएल १५०० पासून आहे.

आता त्या ‘म्हातारचळा’चा, म्हणजे चोचल्यांचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला, कारण इतिहास नेमका उलटा आहे. १९७५ ची पहिली गोल्ड विंग, जीएल १०००, अगदी उघडीबोडकी होती. चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. समोर वारा अडवायला काच नाही, सामानाला पेट्या नाहीत. चेनला तेल घालायची कटकट नाही आणि इंजिन तापत नाही म्हटल्यावर अमेरिकेतले लोक तिच्यावरून राज्यंच्या राज्यं पार करू लागले. मग त्यांनीच बाजारातून क्रेग व्हेटर या डिझायनरचं विंडजॅमर नावाचं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, आणून बसवलं, पेट्या लटकवल्या. होंडाने ते बघितलं आणि १९८० मध्ये कारखान्यातूनच फेअरिंग आणि पेट्या लावलेली गोल्ड विंग इंटरस्टेट काढली. म्हणजे हे ‘चोचले’ मागितले कोणी? दिवसाला आठशे-नऊशे किलोमीटर मारणाऱ्यांनी! २०१८ ला नव्या गाडीत सामानाची जागा कमी केली तर याच मंडळींनी कुरकुर केली, आणि २०२१ ला मागची पेटी मोठी करावी लागली.

२०१८ पासूनच पुढचं चाक नेहमीच्या फोर्कवर नसतं, कारसारखं विशबोनवर, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या दोन आडव्या हातांवर असतं. मागून भावाच्या खांद्यावरून डोकावलं की हँडलखालच्या दोन दांड्या खड्ड्यागणिक वर-खाली नाचताना दिसतात आणि त्याचे हात मात्र स्थिर. संध्याकाळी उतरलो तेव्हा मला पाठ आहे हे आठवलंच नाही. आपल्याकडे लोक चोवीस तासांत सोळाशे किलोमीटरची ‘सॅडल सोर’ काढतात आणि पुढे दोन दिवस कण्हतात. त्यांना मी मानतो, पण कण्हणं ही काही अट नव्हे. वहिनी तर मागे पाठ टेकून चक्क डुलकी काढते.

पैशाचं थोडक्यात. २०२५ मध्ये पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती भारतात आली ती शोरूम भाव ३९.९० लाखांना. गाडी अख्खी जपानहून येते, त्यामुळे आयात शुल्क आणि इथले कर त्यात आलेच. फॉर्च्युनरशी तुलना केलीत तर फॉर्च्युनरच जिंकणार. सात माणसं, एसी, पावसाची चिंता नाही. भावाच्या गॅरेजमध्येही भाजीपाल्यासाठी कार आहेच. माज करणारेही ही गाडी घेत असतील, नाही म्हणत नाही. ते बुलेटही घेतात.

खरा आक्षेप घ्यायचा होता तर वेगळाच होता. मोकळ्या, लांब, सलग रस्त्यासाठी जन्मलेली ही गाडी, आणि आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. चाळीस लाख मोजा, सहा सिलिंडर घ्या, कळंबोलीला आलात की जुन्या रस्त्याला वळा, अ‍ॅक्टिव्हाच्या मागून. याबद्दल त्या संदेशात एक अक्षर नाही.