लोखंड धक्का गिळतं, पण फुकटात नाही

आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर आठवडाभर फिरतोय: 'स्टीलची इमारत भूकंपात रबरासारखी लवते, धक्का शोषते, परत सरळ होते. कितीही हादरे बसोत, स्टील थकत नाही. फक्त सर्वात कडक ग्रेड घ्या. तसंही नागपूरला भूकंपाचा धोका कमीच.'

लवून सरळ होणं म्हणजे शोषणं, इथंच पहिली गल्लत. जे पूर्ण सरळ होतं त्यानं ऊर्जा उसनी घेतली आणि परत केली. खरं शोषण सुरू होतं ते स्टील कायमचं वाकायला लागल्यावर. साईटवर सळाखा बांधायची तार असते ना, ती चार-पाचदा इकडेतिकडे झटपट वाकवा आणि वाकल्या जागी बोट लावा. गरम लागेल. तुमच्या हाताचं बळ तिथं उष्णता झालं. प्रयोगशाळेत तुळई अशीच मागेपुढे वाकवून बळ आणि हालचाल यांचा आलेख काढतात. दर फेऱ्याला एक वळसा तयार होतो, त्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यात गिळलेली ऊर्जा.

थकत नाही? तीच तार आणखी वाकवत राहा, तुटेल. त्याआधीही घात होतो: तुळईची फ्लँज, म्हणजे तिची वरची-खालची आडवी पट्टी, पातळ असेल तर ती चुरगळते आणि वळसे आकसत जातात. म्हणूनच आयएस ८०० या स्टीलच्या बांधकामाच्या भारतीय मानकात पट्टीच्या रुंदी-जाडीच्या प्रमाणाला मर्यादा आहेत. १७ जानेवारी १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात तर तुळई वाकायच्या आधीच तुळई-खांबाचे वेल्डिंगचे जोड तडकले, कित्येक इमारतींत. त्यानंतर रूढ झालेला एक उपाय गमतीचा आहे: खांबापासून थोडं दूर तुळईच्या फ्लँजच्या कडा मुद्दाम कापून ती बारीक करायची, म्हणजे वाकणं तिथं होतं आणि जोड वाचतो. आपल्या ठेकेदाराला सांगून पाहा, वेड्यात काढेल.

कडक ग्रेडचं उत्तर हॅक्सॉच्या ब्लेडमध्ये आहे. तारेपेक्षा कितीतरी कडक, पण वाकवलं की कट्‌कन तुटतं. सळाखेतही तेच पाहायचं. सळाखांचं भारतीय मानक आयएस १७८६, त्यानुसार एफई ५०० ग्रेडची सळाख तुटण्याआधी निदान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, एफई ५००डी निदान १६ टक्के. ताकदीचा आकडा तोच, फरक त्या 'डी'चा, म्हणजे जास्त ताणलं जाण्याचा. दुकानात तो मागून घ्या.

राहिलं नागपूर. धोका कमी, हे मान्य. पण २२ मे १९९७ चा ५.८ तीव्रतेचा भूकंप जबलपूरचा होता, आणि जबलपूर म्हणजे नागपूरहून उत्तरेला, आपल्या सिवनीच्या पलीकडे.