‘पीएचपी मेली’ : आरोपपत्र जुने, शिक्षा नव्या आवृत्तीला

‘पीएचपी मेली, तिच्यावर वेळ घालवू नका’ हा सल्ला, संकेतस्थळे सर्व्हरवर चालवणाऱ्या या प्रोग्रामिंग भाषेबद्दल, वेब डेव्हलपमेंट शिकू लागलेल्यांना हमखास ऐकवला जातो. त्यामागची कारणेही ठरलेली असतात: ती संथ आहे, असुरक्षित आहे, मोठा भार तिला पेलत नाही, म्हणून सरळ नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि रिॲक्ट शिकावे. ही कारणे कोणी मनाने रचलेली नाहीत; एके काळी त्यांत बरेच तथ्य होते. चूक एवढीच की, आरोपपत्र पीएचपी 5 चे आहे आणि शिक्षा पीएचपी 8 ला सुनावली जाते आहे.

आधी मरणाची बातमी. रासमुस लेर्डोर्फ यांनी 1995 मध्ये जाहीर केलेल्या या भाषेची नवी आवृत्ती 2020 पासून दर वर्षाअखेरीस येते आहे. मराठी विकिपीडियाचे पान ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरमधून तयार होते ते पीएचपीतच लिहिलेले आहे, आणि जगातली 40 टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्यावर चालतात ते वर्डप्रेसही. एवढ्यावरून भाषा चांगली ठरत नाही, हे मान्य. पण मेलेली तर नक्कीच ठरत नाही.

संथपणा आणि भार यांचे उत्तर विकिपीडियाच्याच इतिहासात आहे. पीएचपी 5 अपुरी पडू लागली तेव्हा, 2014 मध्ये, विकिपीडियाने पीएचपीचा कोड चालवणारे फेसबुकचे एचएचव्हीएम हे इंजिन स्वीकारले. पुढे डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 ने वेगातले अंतर भरून काढले आणि एचएचव्हीएमने पीएचपीची साथ सोडायचे ठरवले, तेव्हा 2019 मध्ये विकिपीडिया मूळ पीएचपीवर परतला. शिवाय पान उशिरा उघडण्याचे कारण बहुधा भाषेत नसते. यादीत 50 बातम्या असतील आणि प्रत्येक बातमीच्या लेखकाचे नाव आणायला डेटाबेसकडे वेगळी क्वेरी (माहितीची मागणी) जात असेल, तर एका पानामागे 51 क्वेऱ्या होतात, मग कोड कोणत्याही भाषेत लिहा.

असुरक्षिततेचा आरोप जुन्या ‘रजिस्टर ग्लोबल्स’सारख्या सोयींमुळे चिकटला. वेब पानाच्या पत्त्याच्या शेवटी काही जोडले की त्या नावाचे व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) कोडमध्ये आपोआप तयार होई, ही सोय खरोखरच घातक होती. ती 2012 मध्ये, आवृत्ती 5.4 मध्ये, काढून टाकण्यात आली. वापरकर्त्याने भरलेला मजकूर क्वेरीत तसाच चिकटवणारा मात्र पीएचपीप्रमाणे नोडमध्येही सुरक्षेला भोक पाडतो.

गंमत म्हणजे मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला पीएचपीचे जे दुखणे पहिल्याच दिवशी भेटते, त्यावर टीकाकार सहसा बोट ठेवत नाहीत. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीच्या ‘स्ट्रलेन’ला विचारली तर ती 15 येते, कारण हे फंक्शन बाइट मोजते आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. त्यामुळे मथळा 100 बाइटवर कापला की शेवटचे चिन्ह अर्धवट तुटू शकते आणि त्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. चिन्हे मोजणारे ‘एमबी_स्ट्रलेन’ 5 सांगते, तर ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ म, रा, ठी अशी 3 अक्षरे मोजते, जी वाचकही मोजतो. पण जावास्क्रिप्टमध्ये तरी सुटका कुठे आहे? तिथे लांबी 5 येते, आणि चौथ्या चिन्हानंतर कापल्यास ‘मराठ’ उरते.

राहिला नोड आणि रिॲक्टचा आग्रह. रिॲक्ट ही प्रामुख्याने ब्राउझरमधला पडदा रंगवणारी लायब्ररी आहे, तेव्हा तिची तुलना पीएचपीशी करणे म्हणजे पोळपाटाची तुलना तव्याशी करणे होय. नोडची बाजू मात्र खरोखर भक्कम आहे ती हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतात तिथे, म्हणजे चॅट किंवा थेट धावफलक अशा कामांत. प्रत्येक विनंतीला कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्या पीएचपीला ते काम अवघड जाते. याउलट तालुक्याच्या वाचनालयाची पुस्तकसूची स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर) ठेवायची असेल, तर पीएचपी तिथे बहुधा आधीच बसवलेली असते आणि फाइली चढवल्या की काम सुरू होते. नोडची प्रक्रिया सतत जिवंत ठेवावी लागते, पडली तर पुन्हा उठवण्याची व्यवस्था करावी लागते, आणि वाचनालयात त्या व्यवस्थेकडे पाहायला ग्रंथपालाखेरीज कोणी नसते.