नऊ पेन्स आणि वीस डॉलर

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिनं विषय घेतलाय 'माझा आवडता कलावंत : चार्ली चॅप्लिन'. परवा रात्री फोनवर मला भाषण म्हणून दाखवत होती. पहिल्याच मिनिटाला मी तिला थांबवलं. "हे कुठून घेतलंस गं?" "आजीनं पाठवलं, मामा. तिच्या ग्रुपवर आलं होतं." आजी म्हणजे माझी आई. तिला ते कुणी पाठवलं, हे तिलाही आठवत नाही. हा मजकूर मला इतक्या वेळा आलाय की पहिली ओळ दिसली की पुढचं पाठ म्हणता येतं. दर वेळी सोडून दिलं. पण आता तेच बारा वर्षांची पोर माइकसमोर उभी राहून म्हणणार आहे, म्हणून लिहायला बसलो.

मजकूर थोडक्यात असा. लहानपणी चार्ली वडिलांबरोबर सर्कस बघायला गेला. रांगेत पुढे एक गरीब कुटुंब, सहा मुलं, अंगावर जुने पण स्वच्छ कपडे. तिकिटांची रक्कम ऐकून त्या बापाचा चेहरा पडला. चार्लीच्या वडिलांनी खिशातली वीस डॉलरची नोट हळूच खाली टाकली आणि "अहो, तुमचे पैसे पडले" म्हणून त्याच्या हातात दिली. मग बापलेक सर्कस न बघताच घरी आले आणि चार्लीला वडिलांचा फार अभिमान वाटला. त्याखाली आणखी माहिती: चार्लीला बोलता येत नव्हतं म्हणून तो मूकपटांकडे वळला. चार्लीसारखं दिसण्याच्या स्पर्धेत तो स्वतःच तिसरा आला. गांधीजी त्याचे चाहते होते आणि त्यांच्यामुळेच त्यानं यंत्रांवर सिनेमा काढला. शेवटी सुविचार.

आधी सर्कस. चार्लीचा जन्म लंडनमधला, १८८९ चा. अमेरिकेत तो पहिल्यांदा गेला १९१० साली, एकविसाव्या वर्षी. मग लंडनच्या रांगेत डॉलरची नोट आली कुठून? पाठवणाऱ्या एकालाही हा प्रश्न पडू नये?

पण नोटेचं सोडा. वडील कुठून आले?

चार्लीचे वडील म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांचे खेळ होणाऱ्या थिएटरांत, गाणारे गायक होते. चार्ली अगदी लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. मुलांसाठी आठवड्याला दहा शिलिंग द्यायचं ठरलं होतं, ते वेळेवर कधी आले नाहीत. दारूनं त्यांना पोखरलं आणि १९०१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. आई हॅना शिवणकाम करून दोन मुलांना वाढवत होती. तेही जमेना, तेव्हा १८९६ साली तिघंही लँबेथच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाली. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न आणि छप्पर देणारी जागा. आत गेल्यावर आई एकीकडे, मुलं दुसरीकडे. सात वर्षांच्या चार्लीला तिथून हॅनवेलच्या निराधार मुलांच्या शाळेत पाठवलं.

१९६४ साली त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात वर्कहाउसच्या दिवसांतला एक प्रसंग आहे. मुलांना भेटायचं म्हणून हॅनानं एक दिवस तिघांची सुटका मागून घेतली. दाखल होताना काढून घेतलेले कपडे परत मिळाले, वाफेवर निर्जंतुक केलेले, चुरगळलेले, इस्त्रीचा पत्ता नाही. थोरल्या सिडनीच्या रुमालाच्या गाठीत नऊ पेन्स होते. त्यातून अर्धा पौंड काळी चेरी घेतली आणि केनिंग्टन पार्कच्या बाकावर बसून तिघांनी खाल्ली. सिडनीनं वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरा गुंडाळला आणि मायलेकरं चेंडू झेलत खेळली. दुपारी उरलेल्या पैशांत एक टीकेक, एक ब्लोटर आणि दोन कप चहा, सगळं तिघांत वाटून. संध्याकाळी परत वर्कहाउसच्या दारात. अधिकारी चिडले, कारण सगळे सोपस्कार पुन्हा करायचे आणि कपडे पुन्हा वाफेवर टाकायचे.

त्या घरातली पैशाची गोष्ट ही अशी आहे. त्या दिवसामागे हॅना आहे. फॉरवर्डमध्ये हॅनाचं नावही नाही. जी बाई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करून दाखवायची, माणसं बघायची कशी हे ज्या बाईकडून आपण शिकलो असं चार्लीनं पुन्हा पुन्हा सांगितलं, जिला पुढे मनोरुग्णालयात राहावं लागलं, तिला पुसून टाकून तिच्या जागी एक दानशूर बाप उभा केलाय. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

वडिलांच्या बाजूचं जे आहे तेही सांगतो. 'एट लँकशायर लॅड्स' या लाकडी बुटांनी नाचणाऱ्या मुलांच्या संचात चार्लीला जागा मिळाली, ती वडिलांच्या ओळखीनं. आणि शेवटच्या भेटीत, एका पबमध्ये, त्यांनी त्याला जवळ घेऊन पहिल्यांदा पापा घेतला, असं त्यानंच लिहिलंय. पहिल्यांदा, आणि तेही शेवटच्या भेटीत. याउप्पर सर्कशीची गोष्ट कुणाला खरी मानायची असेल तर त्यानं तो परिच्छेद वाचावा. मूळ गोष्ट एका अमेरिकन वक्त्यानं स्वतःच्या वडिलांबद्दल सांगितलेली आहे. नव्वदच्या दशकात प्रेरक गोष्टींच्या एका इंग्रजी संग्रहात ती छापली गेली. कुणीतरी वरचं नाव बदललं, बस्स.

आता 'बोलता येत नव्हतं'. चार्लीच्या रंगमंचावरच्या पहिल्या पावलातच आवाज आहे. आल्डरशॉटच्या एका थिएटरात गाता गाता हॅनाचा आवाज फुटला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मॅनेजरनं पाच वर्षांच्या चार्लीला पुढे ढकललं. त्यानं गाणं सुरू केलं, नाणी पडू लागली, तशी हा थांबला आणि म्हणाला, आधी पैसे गोळा करतो, मग गातो. मॅनेजर रुमाल घेऊन मदतीला आला, तर हा पठ्ठ्या पैसे आईच्या हातात पडेपर्यंत त्याच्या मागे मागे. प्रेक्षक हसून लोळले. पुढे त्यानं आईच्या फुटलेल्या आवाजाचीही नक्कल केली, नकळत, निरागसपणे. त्या रात्री आई शेवटची रंगमंचावर उभी राहिली आणि तो पहिल्यांदा.

१९०३ साली 'शेरलॉक होम्स' नाटकात त्याला बिली या पोऱ्याची भूमिका मिळाली, चांगली संवादांची. त्याच्या जरा आधी, त्याच साली, 'जिम' या नाटकात त्याला सॅमी या मुलाची भूमिका मिळाली, तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं. आता इथेच वाचायला लावतात की काय, या धास्तीत तो होता. सिडनीनं घरी वाचून दाखवलं आणि तीन दिवसांत त्यानं सगळं पाठ केलं. बिलीचं काम त्यानं सुमारे अडीच वर्षं केलं, गावोगाव, आणि लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातही. १९०८ पासून फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटुकल्यांच्या कंपनीत. तिथे त्याचं नाव झालं ते दारुड्याच्या भूमिकेत. वडिलांचं आयुष्य माहीत असलं की ही गोष्ट मनातून जात नाही. सिनेमात तो १९१४ साली आला, तेव्हा रंगमंचावरची दहा-पंधरा वर्षं त्याच्या अंगात मुरलेली होती. सिनेमा तेव्हा मुकाच होता, सगळ्यांसाठी. बोलपट आल्यावरही १९३१ साली त्यानं मूकपटच काढला, कारण त्यानं पडद्यावर उभा केलेला भटक्या कुठल्या एका भाषेत बोलला असता तर बाकीच्या जगाला परका झाला असता. १९४० साली वाटलं तेव्हा हुकूमशहावरच्या चित्रपटात तो कितीतरी मिनिटं सलग बोलला.

तिसऱ्या नंबरची गोष्ट. अशा स्पर्धा खरंच भरत होत्या, हे मान्य. पण त्याचा नंबर कुठल्या जुन्या बातमीत विसावा, कुठे सत्ताविसावा, आता तिसरा. जो आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, तो भाषणात घालू नये. सुविचारांचंही तेच. 'न हसता गेलेला दिवस वाया' हे निकोला शाँफोर या फ्रेंच लेखकाचं, तो १७९४ सालीच वारला.

गांधीजींचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा म्हणता येत नाही. २२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये डॉ. कटियाल यांच्या घरी दोघं भेटले. यंत्रांबद्दल बोलणं झालं, चार्लीनंच विषय काढला होता. शेवटी प्रार्थनेला तो थांबला. पण चाहते? भेटीआधी गांधीजींना हा गृहस्थ कोण ते सांगावं लागलं होतं. यंत्रांवरच्या त्या सिनेमाची, म्हणजे १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'ची, कल्पना एका तरुण वार्ताहरानं सांगितलेल्या डेट्रॉइटच्या कारखान्यांतल्या हकिगतीवरून सुचली, असं चार्ली स्वतः लिहितो. त्या भेटीचा काही अंश त्यात उतरला असेलही, पण 'त्यांच्यामुळेच' हा शब्द खोडावा.

हे सगळं काल भाचीला सांगितलं. सर्कस काढायला ती आधी तयार नव्हती, "मामा, तिथे टाळ्या पडतात." मग मी तिला आल्डरशॉट सांगितलं, पैसे गोळा करणारा पोरगा सांगितला. ती हसली, आणि मग गप्प झाली. आज सकाळी तिचा मेसेज आला: सर्कस काढली, नऊ पेन्स घातले, आणि ब्लोटर म्हणजे काय? कळवलंय, खारवून धुरी दिलेला मासा.