साडेसहा हजार केल्विन आणि नानांचा मोतीबिंदू

काल संध्याकाळी मालवणात जेटीकडच्या वळणावर नेहमीचीच मंडळी, पाऊस जरा उघडलेला, आणि विषय अर्थातच तिठ्यावरच्या गाड्यांच्या हेडलाइट तपासणीचा. सुहासची गाडी अडवली हे अख्ख्या गावाला कळलं होतं, त्यामुळे तो कट्ट्यावर टेकायच्या आधीच आमचा गॅरेजवाला बाळ्या चहावाल्याला ओरडला, "याच्या चहात साखर जास्त टाक रे, दंड भरून आलाय."

सुहास म्हणजे आमचा ठाण्याचा चाकरमानी. गणपतीच्या आठ दिवस आधी येतो आणि आठही दिवस आम्हाला सुधारत बसतो. "तुम्हाला कळतच नाही. हेडलाइटमधला तो तारेचा हॅलोजन बल्ब म्हणजे मेणबत्ती! मी घरच्या घरी, स्वतःच्या हाताने एलईडी टाकले, वीस मिनिटं, व्हिडिओ बघून. साडेसहा हजार केल्विन!"

"केल्विन म्हणजे काय रे झिला?" नाना. एकतीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेत, निम्मे घाट त्यांना डोळे मिटून पाठ.

"नाना, तो लाइटचा रंग. जेवढे केल्विन जास्त तेवढा पांढरा."

"मगे तू पैसे रंगाचे दिलस. उजेडाचे खय?"

इथे बाळ्या चहा सांडेपर्यंत हसला. सुहास म्हणाला पण लखलखीत दिसतं ना, तर नाना म्हणाले, अंगणात दिसणारच, आंबोलीच्या धुक्यात लाव, पांढरी भिंत उभी रहाता समोर, हॅलोजनचो पिवळो उजेड बरो. मला हे पटतं, मागच्या जुलैत मी तिथे एका तसल्याच गाडीच्या मागे होतो, त्याला स्वतःलाच दिसत नव्हतं आणि दर वळणावर ब्रेक.

मी मधेच म्हटलं की घरी बदलण्यात वाईट काय, मीपण गेल्या महिन्यात माझा हॅलोजन बल्ब बदलला. चूक केली. कारण बाळ्याला आठवण झाली.

"हा बदलला म्हणे! बल्बमागचं रबर वाकडं बसवलंस, पहिल्या पावसात हेडलाइटमध्ये पाणी. सुरमई सोड म्हटलं त्यात."

खरं आहे. पण माझी बाजू ऐका. एका बाजूला बॅटरी, हात जेमतेम मनगटापर्यंत आत जातो, दिसत काहीच नाही, सगळं चाचपून. प्लग ओढला, रबर काढलं, तारेची क्लिप दाबली तर ती टणकन उडून खाली कुठेतरी, ती शोधायला पाऊण तास, आणि वरून आई विचारते लाइट लागली का. रबराचं तेवढं राहिलं. आणि काच मी बोटाने पकडली होती तेही बाळ्याने सगळ्यांना सांगितलंच. बोटाचं तेल काचेवर राहतं, बल्ब तापला की तेवढीच जागा जास्त तापते आणि काच जाते. माझा तीन आठवड्यांत गेला. आता फडक्याने धरतो, चुकून बोट लागलंच तर स्पिरिटने पुसतो, आणि दोन्ही बल्ब एकदमच बदलतो, एक गेला की दुसराही फार दिवस काढत नाही.

बाळ्याने खिशातून माझाच तो मेलेला बल्ब काढला. (तीन आठवडे खिशात घेऊन फिरतोय, मला चिडवायला.) "सुहास, हा एच-४ जातीचा बल्ब. बघ, आत दोन तारा. लांबच्या उजेडाच्या तारेला साठ वॅट, डिपरच्या, म्हणजे जवळच्या उजेडाच्या तारेला पंचावन्न. आणि डिपरच्या तारेच्या पोटाशी ही पत्र्याची इवलीशी वाटी. डिपरवर निम्मा उजेड ही वाटी अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. हेडलाइटमधला बल्बमागचा आरसा या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तुझ्या एलईडीची चिप जरा इकडेतिकडे झाली की उजेड झाडावर, नाहीतर थेट माणसावर. त्या आरशाला काय माहीत तू व्हिडिओ बघितलायस?"

"मग मी शंभर-नव्वद वॅटवाला हॅलोजन टाकतो," सुहासचा हट्ट.

"टाक की. बारा व्होल्टवर साठ वॅट म्हणजे पाच अँपिअर, शंभर म्हणजे आठाच्या वर. वायर तीच, होल्डर तोच. जास्तीचा करंट वेगळ्या वायरने नेणारा रिले नाही टाकलास तर होल्डर वितळून वास येईल, तेव्हा पण व्हिडिओ काढ."

"तुझ्या गॅरेजचा धंदा बुडतो म्हणून बोलतोस तू," सुहास तापला. मग काय, २०१४ च्या क्रिकेटच्या मॅचचा रनआउट निघाला, बाळ्याने तेव्हा नेलेली बॅट अजून परत केलेली नाही तेही निघालं, आणि नाना म्हणाले, "बॅट दी रे त्याका, मेल्या, निदान लायटी तरी काढीत."

एवढ्यात लाइट गेली. गावातली, म्हणजे. अख्खी जेटी काळोखात. सुहासने संधी साधली, पळत जाऊन गाडी कट्ट्याकडे तोंड करून लावली आणि डिपर मारला. "बघा आता! बघा!"

कुणीच बघू शकलं नाही. कुत्रं केकाटत पळालं, मी डोळ्यावर हात, आणि नाना पांढरेफटक, काठी उगारून, "बंद कर रे, गेल्या वर्साक काढलेलो मोतीबिंदू परत इलो!"

बाळ्या जमिनीवर बसून हसत होता. सुहास बंद करायला गेला तर चहावाला ओरडला, "थांबा, थांबा, एवढे सुट्टे मोजून होऊ देत."

गल्ला मोजून होईपर्यंत लाइट चालूच. शेवटी आमच्या सगळ्यांच्या चहाचे पैसे सुहासकडूनच घेतले त्याने, म्हणे उजेडात तोच एकटा दिसला नाही, बाकी सगळे दिसत होते.