नवी डिस्क घेतलीत, तर तिच्यात काय आहे तेही लिहा

ब्लू-रे आणि डीव्हीडी विकत घेणारी मराठी मंडळी आता थोडीच उरली आहेत. त्यामुळे एखाद्याच्या घरी नवे पार्सल आले की त्याचा फोटो पाहून बाकीच्यांनाही मनापासून आनंद होतो. स्टीलबुकचे, म्हणजे धातूच्या वेष्टनाचे, मुखपृष्ठ कसे आहे, सोबत पुस्तिका आहे का, किंमत किती पडली, कस्टमचे किती भरावे लागले, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालते आणि मीही त्यात हिरिरीने भाग घेते. मात्र या चर्चेत एक मोठी उणीव मला सतत जाणवते. डिस्कवर प्रत्यक्षात काय आहे, हे फारसे कोणी लिहीत नाही. चित्रपट किती मिनिटे चालतो, चित्राची चौकट मूळ रुंदी-उंचीच्या प्रमाणात आहे की कापलेली, गाण्यांना उपशीर्षके आहेत की नाहीत, एवढी माहिती खरेदीच्या प्रत्येक नोंदीसोबत यायला हवी, आणि मराठी चित्रपटांच्या बाबतीत तर ती आलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

परदेशी डिस्कच्या बाबतीत हे काम बऱ्याचदा प्रकाशकच करून ठेवतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा, क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशकाने काढलेला संच घ्या. १९९३ साली लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीच्या चित्रपट-संग्रहालयाने ती जळकी रिळे टाकून न देता जपली. पुढे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा ओलावा देऊन, फाटलेल्या कडा हाताने दुरुस्त करून ती स्कॅन करण्यात आली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला, ‘अपुर संसार’ची निगेटिव्ह कामाची राहिली नव्हती, म्हणून तो इतर प्रतींवरून उभा करावा लागला. हे सगळे विकत घेणाऱ्याला सांगितले गेले आहे. आपण पडद्यावर जे पाहतो ते कुठून आले, हे कळण्याचा ग्राहकाला हक्क आहे, असे मानणाऱ्यांनी तो संच काढला आहे.

आता आपल्याकडे पाहू. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी व्हिडिओ सीडींच्या ढिगातून मला एका जुन्या मराठी कौटुंबिक चित्रपटाचा संच मिळाला. वेष्टनावर नटांचे चेहरे, गाण्यांची यादी आणि ‘रंगीत’ एवढाच मजकूर होता. लांबीचा कुठे उल्लेख नव्हता. डिस्क लावल्यावर सुरुवातीलाच सेन्सॉरचे प्रमाणपत्र आले आणि तिथे मी चित्र थांबवले, कारण आपल्या चित्रपटांची एक अत्यंत विश्वासार्ह नोंद त्या कागदावर असते. त्यावर लांबी लिहिलेली होती, ३,८४० मीटर. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. म्हणजे चित्रपट १४० मिनिटांचा असायला हवा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या सीडीवर तोच चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे काहीही न कापता तो साधारण १३४ मिनिटांत संपतो. माझ्याकडच्या दोन डिस्क मिळून १२१ मिनिटे भरली. तेरा मिनिटे गेली कुठे, याचा शोध घेतला तेव्हा नायिकेच्या माहेरचा एक प्रसंग अर्ध्यावर तुटलेला आणि यादीत छापलेले एक गाणे पूर्णपणे गाळलेले आढळले.

हा हिशेब कोणालाही घरबसल्या करता येतो, म्हणून तो इतक्या तपशिलात सांगितला. प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असेल तर ९० ने भागावे, मीटरमध्ये असेल तर २७.४ ने. डिस्क पाल असेल तर आलेल्या उत्तरातून चार टक्के वजा करावेत. एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीची असेल तर वजाबाकीची गरज नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससी आहेत. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. प्रमाणपत्र व्हिडिओ आवृत्तीसाठी वेगळे घेतलेले असेल, तर त्यावरचा आकडा चित्रपटगृहातल्या लांबीचा नसतो. पाल डिस्कवर कापाकापी झाली असे जाहीर करण्यापूर्वी चार टक्क्यांची वजाबाकी केलीच पाहिजे, नाहीतर चार टक्क्यांच्या फरकावरून एखाद्या प्रकाशकावर अन्याय होईल. पालच्या या वाढीव वेगाने गाण्याची पट्टीही किंचित चढते; रेडिओवर ऐकून ज्यांच्या कानात मूळ गाणे पक्के बसले आहे, त्यांना ते लगेच कळते.

चौकटीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण त्यातली हानी घड्याळात दिसत नाही. प्रभातच्या काळातले बोलपट १.३७ : १ या जवळपास चौकोनी प्रमाणात चित्रित झाले होते. आजच्या रुंद टीव्हीचा पडदा भरून दिसावा म्हणून तेच चित्र वरून-खालून कापले, तर जवळजवळ चौथा हिस्सा उंची नाहीशी होते. कीर्तनात उभ्या राहिलेल्या माणसाचे पागोटे आणि पाय दोन्ही जातात, आणि दिग्दर्शकाने देवळाच्या कमानीत बसवलेली आकृती नुसता एक चेहरा होऊन उरते. उलट, सिनेमास्कोपमधला, म्हणजे खूप रुंद चौकटीचा, रंगीत चित्रपट जुन्या टीव्हीच्या मापात बसवलेला असेल, तर रुंदीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग गेलेला असतो. श्रेयनामावलीतली नावे कडेला तुटलेली दिसली, तर ती तुटलेली आहेत असे स्पष्ट लिहावे. कोपऱ्यात कंपनीचा ठसा कायमचा उमटवलेला असेल, तर तेही लिहावे.

एकाच डीव्हीडीवर तीन चित्रपट मिळतात, ते स्वस्तात पडले म्हणून आपण कौतुकाने सांगतो. एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तीन चित्रपटांचे सात तास त्यात कोंबले, तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे दीड मेगाबिट येतात, आणि साध्या व्हिडिओ सीडीचे चित्रही सेकंदाला १.१५ मेगाबिटचे असते. म्हणजे डीव्हीडीच्या नावाखाली आपण जवळपास सीडीच घरी आणतो. अडीच तासांचा एकच चित्रपट दुहेरी थराच्या डिस्कवर असेल, तर हाच आकडा साडेसातपर्यंत जातो. हे चित्रात उघड दिसते. पावसाच्या दृश्यात, धुळीत, नऊवारीच्या बारीक काठात चौकोनी ठिपके उठू लागतात.

इतके बारकाईने लिहून ठेवायचे कशासाठी, असा प्रश्न मला विचारला जातो. माझे उत्तर असे आहे की आपल्याकडे मूळ साधनांचीच शाश्वती राहिलेली नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची असंख्य रिळे गेली. अनेक मराठी चित्रपटांच्या निगेटिव्ह त्याआधीच निर्मात्यांच्या गोदामांत दमट हवेने खराब झाल्या होत्या. अशा वेळी एखाद्या घरातली सुमार दर्जाची, पण पूर्ण लांबीची सीडी महत्त्वाची ठरू शकते. फ्रित्झ लँग यांच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’चा हरवलेला सुमारे २५ मिनिटांचा भाग २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये ओरखड्यांनी भरलेल्या १६ मिमी प्रतीत सापडला, आणि तो खराब असूनही पुढच्या आवृत्तीत घेतला गेला, कारण तेवढाच उपलब्ध होता. आपल्या एखाद्या चित्रपटाच्या तीन प्रकाशकांनी काढलेल्या तीन डिस्क असतील, तर त्यांतली सर्वांत लांब कोणती, हे आज कुठेही लिहिलेले नाही. ते फक्त डिस्क विकत घेऊन बसलेल्यांनाच सांगता येईल.

उपशीर्षकांबद्दल थोडेच लिहिते, पण तो विषय मला जवळचा आहे. अमेरिकेत वाढणारी आपली नातवंडे मराठी चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहतात. कित्येक डिस्कवर संवादांना उपशीर्षके असतात आणि गाणे सुरू झाले की ती थांबतात. संतपटात अभंग हाच कथेचा कणा असतो. तिथे उपशीर्षक थांबले तर त्या मुलांसाठी चित्रपटच थांबतो. म्हणून ‘उपशीर्षके आहेत’ एवढे लिहून भागत नाही, गाण्यांना आहेत का, हे पाहून लिहावे.

परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी प्रदेश-संकेतही, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते तेही, नोंदवावा. ब्लू-रेच्या वाटणीत भारत ‘सी’मध्ये येतो, अमेरिकी डिस्क बहुधा ‘ए’च्या आणि ब्रिटिश ‘बी’च्या असतात, फोर-के डिस्कना हे बंधन नसते.

माझ्याकडच्या मराठी डिस्कचा तक्ता मी तयार करायला घेतला आहे: नाव, प्रकाशक, प्रमाणपत्रावरची लांबी, प्रत्यक्ष मिनिटे, पाल की एनटीएससी, चौकटीचे प्रमाण, गाण्यांची उपशीर्षके, आणि गाळलेला भाग कळला असल्यास त्याचे वर्णन. ज्यांच्या घरी १९६० ते १९९० या काळातल्या मराठी चित्रपटांच्या सीडी किंवा डीव्हीडी आहेत, त्यांनी प्रमाणपत्राच्या चौकटीचा आणि प्लेअरवर दिसणाऱ्या एकूण वेळेचा असे दोन फोटो काढून मला पाठवावेत. डिस्क चालत नसेल तर वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला तरी चालेल. प्रकाशकाचे नाव आणि गाण्यांची यादी त्यावरून मिळते, आणि छापलेले कोणते गाणे कोणत्या डिस्कवर नाही, हे इतरांच्या प्रतीशी ताडून पाहता येते.